नदीतल्या दगडावरचं शेवाळ

भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. तिथला, नाहीतर हेमलकशाजवळच्या एखाद्या नाल्यातला दगड हिवाळ्यात उचलून पाहा. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर दिसेल. हे शेवाळ. त्यावरून पाय घसरतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण मासोळीचा चारा तिथंच तयार होतो.

शेवाळाला धानासारखंच ऊन, नत्र आणि स्फुरद लागतं. आणि त्याला चरणारेही असतात: गोगलगाई, बेडकाची पिल्लं, दगडाला चिकटलेले बारीक किडे, दगड खरवडणारे मासे. जनावरं फिरती ठेवली तर कुरण आखूड राहतं, पण पुन्हा पुन्हा फुटतं. तसंच इथं होतं. खत थोडं जास्त आलं तरी चरणारे ते खाऊन वाढतात आणि थर पातळच राहतो.

खत फार झालं, किंवा चरणारेच मेले, की चित्र पालटतं. केसासारखे लांब हिरवे धागे वाढतात. बारक्या तोंडाच्या किड्यांना ते खाता येत नाहीत. उन्हाळ्यात डोहाचं पाणी थांबलं की ते कुजतात, पाण्यातला प्राणवायू रात्रीतून संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. म्हणून डोहात कीटकनाशक टाकून मासे मारू नका. त्यानं आजची मासोळी मिळेल, पण शेवाळ चरणारेही सगळे जातील. शिवाय तेच पाणी आपण आणि आपली गुरं पितात.

आता खताचं. पुरानं दगड घासून निघतो हे खरं. पण मातीला चिकटलेलं स्फुरद गाळाबरोबर डोहात बसतं. नत्र तर पाण्याबरोबरच जातं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलोहून जास्त नत्र असतं, आणि पैसे तुमचे गेलेले असतात! आभाळ भरून आलं असेल तर युरिया टाकू नका. बांधीतलं पाणी कमी करून हप्त्याहप्त्यानं द्या आणि धुऱ्याची फूट बुजवा. उकिरडा नाल्यापासून दूर, उंचावर ठेवा. काठावरचं गवत आणि झुडपं राहू द्या, ती माती अडवतात.

डोहात लांब शेवाळ दिसलंच तर बांबूनं ओढून काढा, त्यातल्या गोगलगाई पाण्यात परत सोडा आणि शेवाळ उकिरड्यात टाका. त्याचं चांगलं खत होतं.