दिसलं की बटण दाबा!

फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, संपवून अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलेले काका हमखास विचारतात, "नापास झालो का हो मी?"

काचबिंदूच्या या तपासणीत एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्यावर नजर रोखायची आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. आतली गोष्ट अशी, की यंत्र ठिपका दिसेनासा होईपर्यंत मुद्दाम मंद करत जातं. त्यामुळे निरोगी डोळ्यालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. हे आधी सांगितलं, तर माणूस घाबरून उगाच बटण दाबत नाही.

यंत्र पेशंटचीही परीक्षा घेतं. नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर प्रत्येकाचा अंधबिंदू असतो. तिथे टाकलेला ठिपका 'दिसला', तर समजायचं नजर हलली. लयीत बटण दाबणाऱ्यांसाठी यंत्र कधी नुसता आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही.

एका आजींच्या रिपोर्टमध्ये वरचा सगळा भाग काळा आला. पापणी चिकटपट्टीने वर धरून तपासणी पुन्हा केली. तो काळा भाग गेला. आजींची पापणी खाली उतरली होती, एवढंच.

आणि पेशंट उत्तरच देऊ शकत नसेल तर? एडिंबरोचे जीवाश्मशास्त्रज्ञ युअन क्लार्कसन यांनी ट्रायलोबाइटचं फील्ड काढलं. समुद्रातले हे संधिपाद प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. पण त्यांच्या डोळ्यांची भिंगं कॅल्साइटची, म्हणून ती दगडात टिकली. १९६६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लार्कसन यांनी एकेका भिंगाचा रोख अंशांत मोजून नकाशावर मांडला. मोरोक्कोत सापडलेल्या एर्बेनोचिलेच्या उंच, खांबासारख्या डोळ्यांवर तर झापडच होती. तिने वरून येणारा प्रकाश अडायचा. त्यावरून रिचर्ड फोर्टी आणि ब्रायन चॅटर्टन यांनी २००३मध्ये अनुमान काढलं, की हा प्राणी दिवसाउजेडी वावरत असावा.

भिंगांवरून ट्रायलोबाइटचे डोळे कुठे रोखलेले होते ते कळतं. त्याला काय दिसलं, ते नाही. ते फक्त पेशंट सांगू शकतो. म्हणून पेशंट थकला, की आम्ही यंत्र थांबवतो, त्याला दोन मिनिटं डोळे मिटू देतो आणि मगच पुढचा ठिपका दाखवतो.