‘बाहेरचं’ आणि मेंदूतलं

भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात येतं. मठात आरती सुरू झाली, की घंटांच्या गजरात कुणी घुमू लागतं, कुणी किंचाळत खांबाकडे धावतं. सोलापूर, लातूर, बीदरकडून त्यांना घेऊन आलेली घरची माणसं हात जोडून उभी असतात. ‘बाहेरचं आहे,’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तिथं येणारा प्रत्येक जण आजारी असतो असं नाही. पण ज्याला खरोखर स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्या उपचाराची मोलाची वर्षं या एका शब्दापायी हातची जातात.

गैरसमज : कानात येणारे आवाज बाहेरच्या शक्तीचे असतात.

वस्तुस्थिती : आपल्याच तळहातावर आपलंच बोट फिरवून पाहावं. गुदगुल्या होत नाहीत. तेच दुसऱ्यानं केलं, की हात झटकला जातो. यामागचं कारण सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ या लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मेंदूच्या स्कॅनच्या मदतीनं शोधलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू असतो. हात हलताच त्यातून कोणता स्पर्श होणार, याचा अंदाज तो आधीच बांधतो. स्पर्श अंदाजाबरहुकूम झाला, की मेंदू तो ‘आपलाच’ म्हणून सौम्य करून टाकतो.

२००० मध्ये ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी आवाज ऐकू येणाऱ्या, ‘माझं शरीर दुसराच कुणी चालवतो’ असं वाटणाऱ्या रुग्णांची अशीच चाचणी घेतली. त्यांना स्वतःचा स्पर्श आणि परक्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. मनातलं बोलणंही असंच ‘आपलं’ म्हणून ओळखलं गेलं नाही, तर ते दुसऱ्याचं वाटणार. आवाजांचं हे एकमेव स्पष्टीकरण नाही, पण महत्त्वाचं आहे. रुग्णाला आवाज खरोखर ऐकू येतो. तो ढोंग करत नसतो.

गैरसमज : लहान मेंदूचं काम फक्त तोल सांभाळणं.

वस्तुस्थिती : शाळेत एवढंच शिकवतात. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या लहानशा भागात आहेत, आणि त्याचं वजन मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं. विचार, भाषा, भावना यांचा मेळ घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी तो सतत जोडलेला असतो. त्याला इजा झाली, की पेला उचलायला गेलेला हात अलीकडे-पलीकडे चुकतो. स्किझोफ्रेनियात विचारांचा नेम असाच चुकत असावा, अशी मांडणी अमेरिकेच्या नॅन्सी अँड्रिअसन यांनी १९९०च्या दशकात केली. २०१८ मध्ये ९८३ रुग्ण आणि १,३४९ निरोगी व्यक्तींचे स्कॅन ताडून पाहिले, तेव्हा रुग्णांमध्ये लहान मेंदूचं आकारमान सरासरीनं कमी आढळलं.

गैरसमज : स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं.

वस्तुस्थिती : हा घोळ नावामुळे झाला. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द वापरला, तो विचार आणि भावना यांची आपसातली सांधेजोड सुटते या अर्थानं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटातला स्किझोफ्रेनिया असलेला शेष आठवावा. तो एकच माणूस आहे. त्याचं जग त्याला नीट जुळवता येत नाही.

गैरसमज : एमआरआय काढला की निदान होतं.

वस्तुस्थिती : वरचे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून स्किझोफ्रेनिया आहे की नाही, हे ठरवता येत नाही. गाठ किंवा दुसरा आजार नाही ना, याची खात्री करायला स्कॅन लागू शकतो. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणं आणि काळ तपासून. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला, की ‘नाटक करतोय’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे आजारी माणसावर दुहेरी अन्याय.

गैरसमज : यावर इलाज नाही.

वस्तुस्थिती : औषधांनी बहुतेकांचे आवाज आणि संशय आटोक्यात येतात. निरुत्साह, अबोलपणा मात्र औषधांना सहजी दाद देत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत रॉस्को ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णांच्या लहान मेंदूला डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं दिली. कपाळामागच्या भागाशी त्याची जोडणी जसजशी सुधारली, तसतशी ही लक्षणं कमी झाली. रुग्ण थोडे होते, त्यामुळे हा अजून रोजचा उपचार नाही. पण मेंदूतली जोडणी बदलू शकते, हे त्यातून दिसलं.

उपचारासाठी देवाला सोडावं लागत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ उपक्रमात मनोविकारतज्ज्ञ आणि मुजावर एकमेकांच्या सोबतीनं काम करतात. साखळीनं बांधणं मात्र कुठेही चालत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते निषिद्ध आहे. बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. लगेच तिथवर पोचणं जमत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथं कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येतं.