झाडावरून पडलं की पाय का जातात?

अनगोळच्या शिवारात कुणी फणस काढताना घसरून पडला की घरचे हेच विचारतात: मार बसला कमरेला, मग पाय का हलत नाहीत?

मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड मज्जारज्जू जातो. मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेणारी ही तार. माणूस टाचांवर किंवा बुडावर आदळला की धक्का कण्यातून वर चढतो. छातीचे 12 मणके बरगड्यांनी जखडलेले, कमरेचे 5 मोकळे. अर्धी काठी खांबाला करकचून बांधा आणि उरलेली वाकवा. बांधणी संपते तिथंच ती मोडते. मणकाही बहुधा त्याच जोडाशी फुटतो, तुकडे मज्जारज्जूवर दाबतात. घाव मानेत असेल तर हातही जातात. आपल्याकडे असे रुग्ण मुख्यतः पडण्यानं आणि रस्ते अपघातांनी येतात, बहुतेक कर्ते तरुण. हे फार सलतं.

कातडी भरून येते, मज्जारज्जू तसा भरून येत नाही. त्यात घाईनं चौघांनी हातपाय धरून रिक्षात घातलं की हललेला तुकडा उरलेली तारही चिरू शकतो. म्हणून पडलेल्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. 108 ला फोन करा. हलवावंच लागलं तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्या.