यहुदी विवाहसंस्कार (लेखांक ४) : हुप्पा – चार दांड्यांवरचे घर

मागील लेखांकात केतुबा या विवाहकराराचा विचार झाला. पत्नीच्या पालनपोषणाची आणि घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास तिला द्यावयाच्या रकमेची हमी देणारा हा करार ज्या छताखाली वाचला जातो, ते छत म्हणजे हुप्पा. चार दांड्यांवर ताणलेले एक कापड आणि मोकळ्या चारही बाजू, इतके त्याचे रूप साधे असते. यहुदी धर्मशास्त्र मात्र त्याला शोभेची वस्तू न मानता विवाह पूर्णत्वास नेणारे घर मानते. आणि हे घर नेमके कोणत्या कृतीने सिद्ध होते, याविषयी शास्त्रकारांत जो मतभेद झाला, तो ध्यानात घेतल्याखेरीज आजच्या विधीचा क्रम उलगडत नाही.

यहुदी विवाहाचे दोन टप्पे आहेत. पहिला एरुसीन, म्हणजे असे वाग्बंधन की जे मोडण्यासाठी रीतसर घटस्फोटपत्रच लागते. दुसरा निसुईन, म्हणजे सहजीवनाचा प्रत्यक्ष प्रारंभ. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या विधिग्रंथात कुमारिकेला विवाहाच्या तयारीसाठी बारा महिन्यांची मुदत दिलेली आढळते. तोवर वधू वडिलांच्या घरीच राहत असे. पुढे मध्ययुगात, अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास, हे दोन्ही टप्पे एकाच दिवशी उरकण्याची प्रथा रूढ झाली आणि त्यांच्यातले अंतर राखण्यासाठी मध्ये केतुबाचे वाचन होऊ लागले. हुप्पाचा मूळ संबंध यांपैकी दुसऱ्या टप्प्याशी आहे.

बायबलच्या योएल या ग्रंथात आणि एकोणिसाव्या स्तोत्रात हुप्पाचा उल्लेख येतो तो वधूवरांच्या दालनाला उद्देशून. दांड्यांवरच्या कापडाचा तेथे मागमूस नाही. तालमुदमध्ये, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या बृहत्संग्रहात, बेतार नगरीची एक प्रथा नोंदलेली आहे. तेथे मुलगा जन्मला की देवदार आणि मुलगी जन्मली की दुसऱ्या जातीचे झाड लावत, आणि पुढे त्यांच्या लग्नात त्याच झाडांच्या लाकडाने वधूवरांचा मांडव उभारत. सम्राटाच्या कन्येच्या रथाचा दांडा मोडला असता सेवकांनी असे एक झाड तोडले, लोक त्यांच्यावर तुटून पडले आणि त्यातून रोमशी युद्ध पेटले, असे ही कथा सांगते. बेतार इ. स. १३५मध्ये रोमन सैन्याच्या हाती पडले. कथेतील ऐतिहासिक अंश कितीही असो, अपत्यजन्माबरोबरच त्याच्या भावी संसाराचे लाकूड रुजवणाऱ्या समाजात या मांडवाचे मोल केवढे होते, हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष दालन मागे पडल्यावर प्रश्न उभा राहिला, तो हुप्पा म्हणजे नेमकी कोणती कृती हा. बाराव्या शतकातील मैमोनिदिस यांच्या मते वधूवरांचा एकांत, म्हणजे यिहूद, हाच हुप्पा होय. चौदाव्या शतकातील बार्सेलोनाचे नीसिम गेरोंदी यांनी वराने वधूला विवाहासाठी आपल्या घरी आणणे पुरेसे मानले, तर अन्य काहींनी वधूच्या मुखावर ओढणी घालण्यालाच हुप्पा म्हटले. योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा धर्मनियमसंग्रह १५६५मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्यावरील टिपांत क्राकोचे मोशे इस्सर्लेस यांनी ही मते नोंदवून, दांड्यांवर पसरलेल्या कापडाखाली वधूवरांना लोकांसमक्ष आणणे हीच आपल्या काळातील सर्वसामान्य रीत असल्याचे सांगितले. त्यानंतर दोघे एकांतात एकत्र भोजन करतात, हेही त्यांनी त्याला जोडले.

कापड कोणते असावे, याला बंधन नाही. अनेक ठिकाणी प्रार्थनेच्या वेळी पांघरण्याची, चार कोपऱ्यांना गोंडे असलेली ताल्लित नावाची शालच वर ताणतात आणि चार मित्र दांडे हाती धरून उभे राहतात. कित्येक सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील, कुटुंबांत ती शाल वधूवरांच्या मस्तकांवर धरली जाते. आपल्याकडील लग्नमांडव सगळ्या वऱ्हाडाला सावली देतो, हुप्पाखाली मात्र वधूवर, विधी चालवणारे आणि अगदी जवळचे आप्त एवढेच मावतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील, परंपरेत हा विधी उघड्या आकाशाखाली करणे शुभ मानतात, कारण अब्राहामाला ताऱ्यांइतकी संतती लाभेल असे वचन मिळाले होते. म्हणूनच काही आधुनिक सभागृहांच्या छतातही उघडता येणारा झरोका ठेवलेला असतो.

अश्केनाझी विधीत प्रथम वर वधूचे मुख ओढणीने झाकतो. मग दोघे हुप्पाखाली येतात, वधू वराभोवती फेरे घालते, आणि पहिल्या प्याल्यावर आशीर्वचन झाल्यावर वर तिच्या उजव्या तर्जनीत अंगठी घालतो. मोलाविषयी संदेह राहू नये म्हणून ही अंगठी बिनखड्याची असते. नंतर केतुबा वाचला जातो, दुसऱ्या प्याल्यावर सात आशीर्वचने होतात, काचेचा पेला पायाखाली फोडला जातो, आणि अखेरीस एका बंद खोलीत, दाराशी दोन साक्षीदार असताना, वधूवर दिवसभराचा उपवास सोडतात. ओढणी, वराच्या घराच्या जागी आलेले छत आणि एकांत अशी वादातील तिन्ही मते येथे एकापाठोपाठ एक पाळली जातात. शास्त्रकारांपैकी कोणालाही खोटे न ठरवता प्रत्येकाच्या मताला विधीत जागा देणारी ही तडजोड यहुदी परंपरेच्या प्रगल्भतेची साक्ष आहे. घर कशाने होते, या प्रश्नाला तिने दिलेल्या उत्तरात समाजाची साक्षही आहे आणि दोघांचा एकांतही आहे. यांपैकी एकावाचून दुसरे तिने पुरेसे मानलेले नाही.

पुढील लेखांकात दुसऱ्या प्याल्यावरील सात आशीर्वचनांचा विचार करण्यात येईल. (क्रमशः)