पट्टेरी म्हणजे नेमके कसे?

शब्दाचा अर्थ

अंगावर मूळ रंगाहून वेगळ्या रंगाचे पट्टे असतील ते पट्टेरी. वाघ पट्टेरी, सतरंजी पट्टेरी. ओहोटीनंतर काळ्या वाळूच्या ओळी उमटलेला किनाराही पट्टेरी. कचेरीतला पट्टेवाला मात्र पट्टेरी नव्हे. त्याच्या अंगावर पट्टा असे, पट्टे नव्हेत.

विशेषण अपुरे पडते तेव्हा

रत्नागिरीकडे पावसाळ्यात सर्पमित्राला फोन जातो, "पडवीत पट्टेरी जनावर आलंय." (रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून जनावर.) एवढ्यावरून त्याला फारसे काही कळत नाही. पट्टे अंगाच्या लांबीने उभे आहेत की आडवे, आणि कुठून सुरू होतात, हे 'पट्टेरी' हा शब्द सांगत नाही. खरी माहिती तर त्यातच असते.

उभे पट्टे

पाठीवरून शेपटीपर्यंत दोन पिवळसर रेघा गेल्या असतील तर ती बहुधा नानेटी. बिनविषारी, बेडकांवर जगणारी. बिचारी उगाच मार खाते.

आडवे पट्टे

घोटाळा होतो तो इथे. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिच्या अंगावरचे पांढरे आडवे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने असतात. डोक्यामागे काही अंतर ते नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या साप तपकिरी. त्याचे पिवळट-पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवर चढतो. मण्यार आपल्याकडच्या सर्वांत विषारी सापांपैकी एक. दोघेही रात्री घरात शिरतात, म्हणून अंधारात एकाला दुसरा समजणे अगदी सोपे.

'पट्टेरी मण्यार' हे नाव मात्र जपून वापरावे. ती वेगळी जात आहे, काळ्या आणि पिवळ्या रुंद पट्ट्यांची. महाराष्ट्रात ती पूर्व विदर्भात आढळते, कोकणात नाही.

हे पट्टेरी नव्हेत

घोणशीच्या पाठीवर गोल डागांच्या साखळ्या असतात, तिला ठिपकेदार म्हणावे. जांभ्याच्या कातळावर सापडणाऱ्या फुरशाच्या कुशीला नागमोडी पांढरी रेघ असते आणि डोक्यावर बाणासारखी खूण. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरीत फुरसे मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे, इतकी ती मुबलक होती. घोणस आणि फुरसे, दोन्ही विषारी. 'पट्टे नाहीत, म्हणजे भीती नाही' हा समज म्हणून घातकच.

वर्णन कशासाठी, कशासाठी नाही

सर्पमित्राला सांगताना लांबून दिसेल तेवढे सांगावे: रंग, पट्टे उभे की आडवे, मानेकडे ठळक की शेपटीकडे. दंश झाला असेल तर मात्र पट्टे मोजत बसू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष दिले जाते. साप पकडून किंवा मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. मण्यारीचा दंश पुष्कळदा फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. झोपेतून उठलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा पोटात दुखू लागले, तरी संशय घ्यावा. अशा वेळी दंशाची जागा कापू नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.