बोन स्कॅनमधला काळा ठिपका म्हणजे कॅन्सरच का?

घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं, की उपचार ठरवण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जाणून घ्यावी लागते, ती म्हणजे आजार कुठवर पसरला आहे. फुप्फुसाचा कॅन्सर रक्तातून मणका, बरगड्या, कंबर आणि मांडीच्या हाडांपर्यंत पोहोचू शकतो. तो तिथे पोहोचला असेल तर आजार चौथ्या टप्प्यात गेलेला असतो आणि उपचारांची दिशाच बदलते. म्हणूनच बोन स्कॅन महत्त्वाचं ठरतं.

तपासणी कशी होते?

बेंगळुरूच्या किदवई संस्थेसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत न्यूक्लिअर मेडिसिन विभागात ही तपासणी होते. टेक्नेशियम ९९एम हा सौम्य किरणोत्सारी पदार्थ असलेलं औषध शिरेतून देतात. टेक्नेशियम मिळवण्याचे जनरेटर आपल्या नवी मुंबईतल्या वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्थाही पुरवते.

औषध हाडांत उतरायला २ ते ४ तास लागतात. या वेळात भरपूर पाणी प्या आणि वारंवार लघवीला जा. त्यानंतर कॅमेऱ्याखाली साधारण अर्धा ते एक तास स्थिर पडून राहावं लागतं. सहसा उपाशी राहण्याची गरज नसते. टेक्नेशियमचा प्रभाव दर ६ तासांनी निम्मा होतो. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधीच सांगा.

रिपोर्ट वाचून घाबरू नका

हाडात जिथे दुरुस्तीचं काम जोरात सुरू असतं, तिथे हे औषध जास्त साठतं आणि ठिपका गडद दिसतो. हे कॅन्सरमुळे होतं, तसंच संधिवात, जुनं फ्रॅक्चर किंवा जंतुसंसर्गामुळेही होतं. त्यामुळे ठिपका संशयास्पद वाटला तर डॉक्टर सीटी, एमआरआय किंवा बायोप्सी सांगतात. पूर्वी पडला असाल, हाड मोडलं असेल, तर ते आवर्जून सांगा आणि जुने एक्स-रे सोबत न्या.

याउलट, काही गाठी बोन स्कॅनमध्ये दिसतही नाहीत. म्हणून आता अनेक ठिकाणी पेट-सीटीला पसंती मिळते, कारण त्यात हाडांसोबत इतर अवयवही तपासले जातात. पेट-सीटी झालं असेल तर वेगळं बोन स्कॅन खरंच हवं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

हे दुखणं अंगावर काढू नका

कॅन्सरच्या रुग्णाची पाठ किंवा हाड सतत दुखत असेल, रात्री दुखणं वाढत असेल, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका. पायांतली ताकद कमी होणं, पाय बधिर होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, उशीर झाला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

आजार हाडांत पोहोचला असला, तरी रेडिएशन आणि हाडं बळकट करणाऱ्या औषधांनी वेदना कमी होऊ शकतात आणि हाड मोडण्याचा धोकाही घटतो. म्हणून दुखणं लपवू नका, वेळेवर सांगा.