काळा कोट उतरवून कंपनीत जाताना

फोर्ट किंवा लोअर परळच्या एखाद्या लॉ फर्ममध्ये पाच-सहा वर्षं काढलेला वकील बँकेत किंवा औषध कंपनीत रुजू होतो, तेव्हा फर्ममधले सहकारी म्हणतात, "सुटलास!" घरचे विचारतात, "म्हणजे आता वकिली सोडलीस का?" सहकाऱ्यांचा अंदाज बहुधा चुकतो. घरच्यांचा प्रश्न मात्र कायद्याच्या दृष्टीने अगदी नेमका असतो.

त्याचं उत्तर 'हो' असं आहे. सनद हातात आहे म्हणजे गरज पडली तर कोर्टात उभं राहता येईल, हा या क्षेत्रातला सर्वांत पक्का गैरसमज. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ती स्वीकारली, तर राज्य बार कौन्सिलला कळवावं लागतं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबते. हिमाचल प्रदेश वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याची नोंदणी याच कारणाने काढून घेण्यात आली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ते मंडळाच्या बाजूने न्यायालयात हजर राहत असत, पण तेही उपयोगी पडलं नाही, कारण त्यांच्या नेमणुकीचं मुख्य काम ते नव्हतं.

याचा फटका पुढे बसू शकतो. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीसाठी वकिलीची सात वर्षं लागतात, उच्च न्यायालयासाठी दहा. कंपनीतली वर्षं त्यात धरता येत नाहीत. ज्याच्या मनात न्यायाधीश होण्याचं स्वप्न आहे, त्याने ऑफर लेटरवर सही करण्याआधी हा हिशेब मांडायलाच हवा.

दुसरा गैरसमज याहून महागात पडणारा आहे, आणि तो वकिलांपेक्षा कंपन्यांच्या संचालकांमध्ये जास्त दिसतो. "आपल्याच वकिलाला सांगितलं, ते गुप्तच राहणार." मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पगारी कायदा सल्लागारालाही बाहेरच्या वकिलासारखंच संरक्षण दिलं होतं. त्या निकालाच्या भरवशावर कित्येक वर्षं कारभार चालला. 31 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्र पालटलं. तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्याने न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेलं हे प्रकरण. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की इन-हाउस वकील न्यायालयात प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण त्याला मिळणार नाही. त्याने कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी केलेल्या पत्रव्यवहाराला कलम 134 चा आधार आहे. कंपनी आणि तिचा स्वतःचा वकील यांच्यातल्या संवादाला मात्र तोही नाही.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2010 मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात स्पर्धा कायद्याच्या तपासापुरती हीच भूमिका घेतली होती. जो पगार देतो त्याच्यापासून वकील पुरता स्वतंत्र राहू शकत नाही, असं त्यामागचं कारण. हे कारण पटो न पटो, अंतर्गत चौकशीचा ईमेल लिहिताना ते डोक्यात असायला हवं. नाजूक चौकशीत बाहेरच्या वकिलाला सुरुवातीपासून घेणं आता शहाणपणाचं.

राहिला 'सुटलास'मधल्या आरामाचा मुद्दा. टाइमशीट भरावी लागत नाही, हे खरं. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालक मंडळाच्या बैठकीतला निर्णय साधारणपणे 30 मिनिटांत बाजाराला कळवावा लागतो. कंपनीतच घडलेली इतर महत्त्वाची बाब 12 तासांत, तर बाहेरून आलेली 24 तासांत. नियामकाचा आदेश शुक्रवारी रात्री आला, तर मसुद्यावर कोण बसणार? अनेक ठिकाणी लीगलवालेच. रोजचं कामही मोठमोठ्या सौद्यांचं नसतं. खरेदी विभाग पुरवठादाराच्या करारात 'पेमेंट 90 दिवसांत' असं टाकतो. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या कायद्याने ही मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. ती ओलांडली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. ही एक ओळ वेळेत पकडणारा माणूस कंपनीचे किती पैसे वाचवतो, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. या कामाला मिळायला हवा तेवढा मान अजून मिळत नाही.

कंपनीत गेलेला वकील तिथेच अडकतो, हेही खरं नाही. सनद स्थगित केलेल्याला प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून प्रॅक्टिस पुन्हा सुरू करता येते. टाटा समूहाचे जनरल काउन्सेल राहिलेले भरत वसानी पुढे सिरिल अमरचंद मंगलदास या लॉ फर्ममध्ये पार्टनर झाले. कंपनीत राहूनही वर जाता येतं: अमेरिकेत ब्रॅड स्मिथ 1993 मध्ये लॉ फर्ममधून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 2015 मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. मर्कचे केनेथ फ्रेझियर तर जनरल काउन्सेलपदावरून पुढे जात 2011 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम 203 मधल्या अनिवार्य पदांत कंपनी सेक्रेटरी आहे, वित्तप्रमुख आहे, कायदाप्रमुख नाही. ही उणीव भरून निघायला हवी.

तोवर, कंपनीत जाणाऱ्या प्रत्येक वकिलाने रुजू होण्याच्या आठवड्यातच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला, किंवा आपलं नाव ज्या कौन्सिलच्या पटावर आहे तिला, लेखी कळवावं आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी. परत येताना तीच लागेल.